सांज कोठे दिधी

पौषात कोंबड्यांनी हात आखडला.
अकरा जणी, आठवड्याला तीन अंडी,
त्यातलं एक बिनकवचाचं, तळव्यावर थरथरणारं.
बेबाबाई म्हणाली, दिवस लहान झाला.
मी म्हणालो, वाढवू.

बत्तीस वर्षं अडावदच्या उपकेंद्रात काढलेला माणूस मी.
दिवस वाढवायचा म्हणजे माझ्या लेखी
एक होल्डर, एक बटण, सहा मीटर वायर.

चोपड्याला लुकमान तडवीनं काउंटरवर बल्ब मांडले,
पांढरा, दुधी, पिवळा, लाल, लग्नातला हिरवा.
कोंबड्यांसाठी म्हटल्यावर हसला नाही.
"लालात भांडत नाहीत, पिवळ्यात दाणे टिपतात.
पांढऱ्याचं कोंबड्यांना विचारा.
आमच्या घरात तरी पांढऱ्याखालीच भांडणं होतात."
मी पांढराच घेतला, वीस वॅटचा.
उजेड कमी पडला म्हणून जन्मभर शिव्या खाल्लेल्या.

वायर पाइपातून नेली, उंदरांच्या भीतीनं.
वर तेलाचा कापलेला डबा, खाली पाण्याचं भांडं लांब.
काम चोख.
बटण दाबलं तर खुराड्यात कुठंच सावली उरली नाही.
"हाऊ काय लगीनना मांडव शे?"
कोंबड्या माना आत घेऊन कडेला सरकल्या,
आणि तांबडीनं शेजारणीचं शेपटाचं पीस उपटलं.

दुसऱ्या दिवशी पिवळा आणला, पाचाचा.
आता जमलं. रात्री साडेसातला
कण्या टिपत होत्या, राखेत लोळत होत्या.
आठ वाजता, ठरल्याप्रमाणे, बंद केला.

मग ऐकू आलं.
ओरडणं नव्हे.
पंख फडफडला, लाकडावर आपटला,
खाली पडल्याचा मऊ आवाज,
पुन्हा फडफड, पुन्हा तो आवाज.
टॉर्च मारली.
सगळ्या जमिनीवर, जिथं होत्या तिथंच.
एकीचा पाय उचललेला, टेकवावा कुठं कळत नव्हतं.
झोपायची दांडी दीड हात वर, रिकामी.

बेबाबाई मागं येऊन उभी राहिली होती.
"त्यास्ले अंधारामा दिसत नही.
तुम्हीन उजेड दिधा,
पन सांज कोठे दिधी?"

फीडर नंबर तीन. सात ते साडेनऊ.
वरून कागद यायचा, मी हँडल ओढायचो,
वेळ लिहायचो रजिस्टरात, मिनिटासकट.
खिडकीतून दिसायचं, अख्खं गाव
एका दमात गेलेलं. काम चोख.
कुणाचं दळण गिरणीत अर्ध्यात,
कुणाचं पोरगं सतराच्या पाढ्यात तेरावर,
आणि माझीच बेबाबाई, तापलं पातेलं फडक्यात धरून
मघाशी पोरगी कुठं रांगत होती ते आठवत उभी.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.
घरी आलो की ती एवढंच म्हणायची,
आज पाच मिनिटं आधी गेली.

आम्ही एकेकीला उचलून दांडीवर ठेवलं.
पोटाखाली केवढं ऊन असतं त्यांच्या!
अकरावीनं माझ्या अंगठ्याला चोच मारली.
मारली ते बरं केलं.

लुकमानकडून टायमर आणला. आता तो बल्ब
पहाटे साडेचारला लागतो, गाव झोपेत असताना,
आणि मागून खरा दिवस येऊन त्याला गाठतो.
कधी विझला ते कुणालाच कळत नाही,
मलाही नाही.
अंडी वाढली. मी नऊ मोजतो, बेबाबाई सात.
दोन मी रात्री स्वप्नात घातली म्हणते.

संध्याकाळी काहीच लावत नाही.
केळीच्या बागांवरून ती येते, तिच्या चालीनं,
आधी तांबड्या दिसेनाशा होतात, मग करड्या,
पांढरी एकटी बराच वेळ उरते.
दांडीवर रोज तीच ढकलाढकली, तीच जागा.
तांबडी शेवटची चढते,
दोनदा घसरते, कुरकुरते, मधे घुसते.

तोवर आम्ही ओट्यावरचा दिवा लावत नाही.